समुद्रतळीची नदी व तिची मोजणी

पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे आपण पुलावर उभे राहून पाण्याकडे पाहतो. पुलाच्या खांबावर रंगविलेल्या आकड्यांवरून पाणी किती चढले ते कळते. वाहत आलेल्या एखाद्या ओंडक्यावरून प्रवाहाचा वेग अजमावता येतो. नदीचे पात्र किती रुंद आहे, हे तर डोळ्यांना दिसतच असते. खोली, रुंदी व वेग ही तीन मापे हाती आली की, एका सेकंदात पुलाखालून किती पाणी गेले याचा हिशेब आठवीतला विद्यार्थीही मांडू शकेल. पण ज्या नदीवर पूल बांधता येत नाही, जिचे काठ कोणी पाहिले नाहीत आणि जी समुद्राच्या शेकडो मीटर पाण्याखालून, पूर्ण अंधारात वाहते, तिची मोजणी कशी करावी? अशी नदी खरोखर आहे, आणि १९९५ सालापासून तिची मोजणी चाललेली आहे. ती कशी होते आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम नकाशा उघडू. युरोपच्या वायव्येस ग्रीनलंड, आइसलंड, फेरो बेटे व स्कॉटलंड ही स्थळे जवळजवळ एका ओळीत आढळतील. वरून पाहता त्यांच्यामध्ये अथांग समुद्र दिसतो. परंतु समुद्रतळावर या सर्वांना जोडणारी एक लांबच लांब डोंगराची रांग आहे. ती उत्तरेकडील नॉर्वेजियन व ग्रीनलंड समुद्रांना दक्षिणेकडील अटलांटिक महासागरापासून वेगळे करते. एखाद्या जुन्या वाड्याच्या दोन चौकांमध्ये भिंत असावी, तशीच ही रचना आहे. भिंत पाण्यात पूर्णपणे बुडालेली असल्याने वरच्या वर पाणी मोकळेपणाने ये-जा करते. खालच्या पाण्याला मात्र भिंतीतील दारे शोधावी लागतात. ग्रीनलंड व आइसलंड यांमधील डेन्मार्कची सामुद्रधुनी हे असे एक दार आहे. सर्वांत खोल दार फेरो बेटांच्या नैर्ऋत्येस आहे. त्याला फेरो बँकेची खिंड म्हणतात. या खिंडीचा उंबरठा, म्हणजे तिच्या तळाचा सर्वांत उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० मीटर खाली आहे.

या दारातून पाणी का वाहते? अटलांटिकचे उबदार व खारट पाणी समुद्राच्या वरच्या थरातून उत्तरेस जाते. तेथील थंडगार वारे त्याची उष्णता काढून घेतात. पाणी थंड झाले म्हणजे त्याची घनता वाढते, आणि ते मुळातच खारट असल्याने अधिकच जड होते. असे जड झालेले पाणी खाली बुडते व उत्तरेकडील समुद्रांच्या खोल द्रोणीत साठत जाते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतीत राहिले तर ते काठाच्या सर्वांत खालच्या जागेवरून सांडणारच. त्याचप्रमाणे हे थंड पाणी उंबरठ्यावरून ओसंडते आणि अटलांटिकच्या तळाकडे उतरत जाते. वातानुकूलित खोलीचे दार किलकिले केले की गार हवा प्रथम आपल्या पावलांना लागते, कारण जड हवा खालून बाहेर पडते. समुद्रातही तोच नियम आहे.

वजनातील फरक ऐकला तर तो क्षुल्लक वाटेल. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १,०२८ किलोग्रॅम भरते. वरचे उबदार पाणी व खालचे थंड पाणी यांच्यात दर घनमीटरामागे फरक आहे तो सुमारे अर्ध्या किलोचा. पण एवढ्याशा फरकाच्या बळावर हा प्रवाह उंबरठ्यावर सेकंदाला एक मीटरहून अधिक वेग गाठतो. समुद्राच्या खोल तळाशी हा वेग फारच मोठा समजला जातो.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्यांनी एक सोपा प्रयोग करावा. काचेच्या लांबट भांड्यात नळाचे साधे पाणी भरावे. दुसऱ्या भांड्यात बर्फाने गार केलेल्या पाण्यात मीठ विरघळवून त्यात थोडी शाई मिसळावी. काचेच्या भांड्याच्या एका बाजूस पाटीचा तुकडा उतरता ठेवून त्यावरून हे रंगीत पाणी अगदी हळू सोडावे. ते वरच्या पाण्यात लगेच मिसळून जात नाही. उताराला बिलगून तळाशी जाते आणि तेथे जाजमासारखे पसरते. फेरो बँकेच्या खिंडीत निसर्ग हाच प्रयोग अहोरात्र करीत आहे.

या नदीचा पहिला सुगावा कसा लागला, तोही इतिहास मनोरंजक आहे. १८६८ साली चार्ल्स वायव्हिल थॉमसन व विल्यम कार्पेंटर हे दोन ब्रिटिश शास्त्रज्ञ ‘लाइटनिंग’ नावाच्या जुन्या जहाजातून स्कॉटलंड व फेरो बेटे यांमधील समुद्रात गेले. एवढ्या खोल पाण्यात जीवसृष्टी आहे की नाही, हे त्यांना पाहावयाचे होते. हवा वाईट होती, जहाज जीर्ण होते. तरीही त्यांनी दोरास तापमापक बांधून ते खोल सोडले. तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. जवळपास सारख्याच खोलीवर एका भागात पाण्याचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास होते, तर तेथून फार दूर नसलेल्या दुसऱ्या भागात ते आठ अंशांच्या घरात होते. शेजारच्या दोन खोल्यांपैकी एकीत हिवाळा व दुसरीत वसंत असावा, तसा हा प्रकार होता. मधे भिंत असल्याखेरीज हे शक्य नव्हते. पुढे १८८० साली ‘नाइट एरंट’ व १८८२ साली ‘ट्रायटन’ या जहाजांवरून त्या भागाची खोली पुन्हा तपासण्यात आली, आणि समुद्रात बुडालेला एक कडा तेथे सापडला. त्याला आज वायव्हिल थॉमसन कडा म्हणतात. याच कड्याने अडविल्यामुळे थंड पाण्याचा मोठा भाग उजवीकडे वळून फेरो बँकेच्या खिंडीत शिरतो. केवळ तापमापकाच्या आकड्यांवरून न दिसणाऱ्या भिंतीचे अनुमान झाले होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भिंत सापडली, दार सापडले; पण दारातून किती पाणी जाते हे कळण्यास आणखी शतकाहून अधिक काळ लागला. १९६० च्या मे-जून महिन्यांत अनेक देशांच्या संशोधन-जहाजांनी मिळून आइसलंड व फेरो यांमधील ओसंडणाऱ्या पाण्याची पाहणी केली. अशा मोहिमांतून पुष्कळ माहिती मिळाली. तथापि जहाज एका जागी किती दिवस उभे राहणार? प्रवाह आज जोराचा तर उद्या मंद असतो. चार दिवसांच्या पाहणीवरून वर्षाचा अंदाज बांधणे म्हणजे श्रावणातील एका सरीवरून सगळ्या पावसाळ्याचा हिशेब मांडण्यासारखे आहे. जहाज निघून गेल्यावरही तळाशी राहून बारा महिने मोजणी करील, अशा पहारेकऱ्याची आवश्यकता होती.

असे प्रवाहमापक यंत्र आवाजाच्या साहाय्याने काम करते. त्याच्या मुळाशी असलेला नियम क्रिस्टियन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडला. शिटी वाजवीत आगगाडी आपल्याकडे येत असताना शिटीचा स्वर चढा लागतो, आणि ती पुढे निघून जाताच तोच स्वर उतरतो, हा अनुभव सर्वांना असेल. ध्वनी देणारी वस्तू जवळ येत असेल तर लहरींची संख्या वाढते, दूर जात असेल तर घटते. खिंडीच्या तळाशी ठेवलेले यंत्र वरच्या दिशेने आवाजाचा एक लहानसा ठोका सोडते. त्याची कंपनसंख्या सेकंदाला ७५,००० असते. माणसाच्या कानाला २०,००० च्या पुढचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून हा ठोका आपल्याला मुळीच ऐकू येणार नाही. समुद्राच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म जीव व कण तरंगत असतात आणि पाण्याबरोबरच वाहत असतात. ठोका त्यांच्यावर आपटून त्याचा अतिक्षीण प्रतिध्वनी यंत्राकडे परत येतो.

आता गणित पाहा. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. कण जर सेकंदाला १ मीटर या वेगाने थेट यंत्राकडे येत असेल, तर जाताना व येताना असा दुहेरी परिणाम होऊन कंपनसंख्येत ७५० व्या हिश्शाचा फरक पडतो. ७५,००० चा ७५० वा हिस्सा म्हणजे १००. म्हणजेच परतलेल्या आवाजाची कंपनसंख्या ७५,१०० भरेल. या शंभराच्या फरकावरून यंत्र वेग काढते. शिवाय जवळच्या थरातला प्रतिध्वनी लवकर येतो व दूरच्या थरातला उशिरा. ५०० मीटर उंचीवरून परत येण्यास आवाजाला सुमारे दोन-तृतीयांश सेकंद लागतो. त्यामुळे कोणता प्रतिध्वनी कोणत्या उंचीचा हे वेळेवरून कळते, आणि एकाच यंत्रातून तळापासून वरपर्यंतच्या अनेक थरांचे वेग एका वेळी मिळतात. पूर्वीची यंत्रे फिरत्या चक्रीची असत. दोराला ज्या खोलीवर यंत्र बांधले असेल, त्या एकाच खोलीचा वेग ते सांगे. प्रवाहाची दिशाही कळावी म्हणून आवाजाचे झोत वेगवेगळ्या बाजूंना थोडे तिरपे सोडलेले असतात.

हा पहारेकरी कामावर कसा रुजू होतो, तेही पाहू. जहाजावरून एक जड नांगर, त्याच्या वर आवाजाने उघडणारी कडी आणि तिच्या वर यंत्र धरून ठेवणारा बोया, असा सगळा संच पाण्यात सोडतात. समुद्रात दर दहा मीटरांस सुमारे एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे उंबरठ्यावर यंत्राला ऐंशीहून अधिक वातावरणांचा भार सोसावा लागतो. त्या भाराखाली, विजेऱ्यांच्या पुरवठ्यावर, ते ठराविक अंतराने ठोके देत राहते व आकडे स्वतःच्या स्मृतीत साठविते. सुमारे वर्षाने जहाज पुन्हा त्या जागी येते आणि ठरलेल्या सांकेतिक आवाजाने तळाशी हाक देते. कडी उघडते, नांगर तळाशीच राहतो आणि बोया यंत्रासह वर येतो. आकडे काढून घेऊन, विजेऱ्या बदलून, काही आठवड्यांतच यंत्र पुन्हा खाली जाते.

एका यंत्राने पात्राच्या मध्यभागाचा वेग कळला, तरी सर्व रुंदीचे काय? यासाठी काही काळ खिंडीत आडव्या ओळीने एकाहून अधिक यंत्रे ठेवून मधल्या वेगाचा बाजूंच्या वेगांशी संबंध कसा आहे ते पाहण्यात आले. जहाजांनी खिंडीच्या एका बाजूपासून दुसरीपर्यंत ठिकठिकाणी थांबून प्रत्येक खोलीचे तापमान व क्षारता मोजली. पाण्यातून वीज किती सुलभपणे वाहते यावरून क्षारता काढता येते. या सर्व मोजमापांच्या आधारे खोली, रुंदी व वेग यांचा मेळ घालून प्रवाहाचे आकारमान ठरविण्यात आले. अखेर हिशेब आपल्या पुलावरच्या हिशेबासारखाच आहे.

तो हिशेब काय सांगतो? या एका खिंडीतून सेकंदाला सरासरी सुमारे २२ लाख घनमीटर थंड पाणी वाहते. ॲमेझॉन ही जगातील सर्वांत मोठी नदी सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी समुद्रात नेते. पृथ्वीवरील सर्व नद्या एकत्र केल्या तरी त्यांची बेरीज १२ लाखांच्या आसपासच येते. अशा प्रचंड प्रवाहांसाठी घनमीटर हे एकक अपुरे पडते, म्हणून सागरशास्त्रज्ञ सेकंदाला १० लाख घनमीटर या मापास ‘स्वेर्ड्रुप’ म्हणतात. हे नाव नॉर्वेचे सागरशास्त्रज्ञ हाराल्ड स्वेर्ड्रुप यांच्यावरून पडले. त्या भाषेत फेरो बँकेच्या खिंडीचा प्रवाह २.२ स्वेर्ड्रुप आहे. संपूर्ण भिंतीवरून ओसंडणारे पाणी सुमारे ६ स्वेर्ड्रुप धरले, तर त्यातील तिसऱ्या हिश्शाहून थोडे अधिक या एका दारातून जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तळाने जितके थंड पाणी दक्षिणेस जाते, त्याची भरपाई करण्यासाठी वरून उबदार पाणी उत्तरेस ओढले जाते. वायव्य युरोपातील हिवाळा सौम्य राहण्यास या उबदार पाण्याचा हातभार आहे. शिवाय पृष्ठभागावर असताना हवेतून घेतलेला प्राणवायू हे पाणी खोल समुद्रात नेते. पृथ्वीचे तापमान वाढून उत्तरेकडील पाणी उबदार झाले किंवा बर्फ वितळून गोडे पाणी त्यात मिसळले, तर ते पूर्वीइतके जड राहणार नाही. मग हे ओसंडणे मंदावेल काय? या प्रश्नाचे उत्तर तर्काने मिळत नाही. दाराशी बसूनच ते शोधावे लागते.

फेरो बेटांतील बोगी हान्सेन व त्यांचे सहकारी १९९५ च्या नोव्हेंबरपासून या दाराशी बसले आहेत. फेरो बेटांची सारी लोकसंख्या सुमारे ५५,००० आहे. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढीही ती नाही. २००१ साली हान्सेन, स्कॉटलंडचे टरेल व नॉर्वेचे ऑस्टरहुस यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. नॉर्वेजियन समुद्रात १९४८ पासून एका ठरलेल्या जागी हवामान-जहाज उभे असे. त्याच्या नोंदींवरून दिसत होते की जड पाण्याचा थर खचत चालला आहे. खिंडीतील पहिल्या पाच वर्षांच्या मोजणीतही उतार होता. या दोहोंवरून त्यांनी असे अनुमान काढले की, १९५० च्या तुलनेत या खिंडीतील प्रवाह निदान २० टक्क्यांनी घटला असावा. ही बातमी साऱ्या जगाला काळजीत टाकणारी होती.

येथे दोन मार्ग होते. गाजलेल्या निष्कर्षावर समाधान मानून थांबणे हा एक, आणि यंत्र पुन्हा पाण्यात सोडून तो निष्कर्ष खरा ठरतो का ते पाहणे हा दुसरा. त्यांनी दुसरा मार्ग घेतला. वर्षामागून वर्षे यंत्र वर आले, आकडे लिहिले गेले आणि यंत्र पुन्हा खाली गेले. २००८ साली ‘नेचर’मध्येच दुसरा निबंध आला. त्याच्या लेखकांत हान्सेनही होते. मोजणी व संगणकावरील गणित यांचा मेळ घालून त्यात दाखविले होते की, प्रवाहात दीर्घकाळची घट आढळत नाही. प्रवाहाला केवळ जड पाण्याचा थर ढकलीत नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रपृष्ठाच्या पातळीतील फरकही त्यात भाग घेतो. एक जोर कमी झाला तेव्हा दुसऱ्याने ती उणीव भरून काढली होती. पुढे २०१६ साली हान्सेन यांनी वीस वर्षांचा संपूर्ण हिशेब मांडला: १९९५ ते २०१५ या काळात प्रवाह स्थिर होता. मात्र तळाचे पाणी सुमारे ०.१ अंशाने उबदार झाले होते. त्याच वेळी त्याची क्षारता वाढल्यामुळे घनता जवळजवळ तितकीच राहिली होती.

यावरून सारे काही ठीक आहे असे समजू नये. उष्णतेने आलेला हलकेपणा खारेपणाने भरून निघाला आहे. तो पुढेही निघेल, याची हमी कोणी दिलेली नाही. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार अटलांटिकचे हे मोठे अभिसरण चालू शतकात मंदावण्याचा फार मोठा संभव आहे. म्हणूनच दाराशी पहारा हवा. तो नसता, तर २००१ ची भीती खरी की खोटी हे कोणालाच सांगता आले नसते.

आपल्या समुद्राचाही असा अभ्यास होतो. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत याच जातीची ध्वनियंत्रे पाण्यात बांधून ठेवली आहेत. आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे व हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. ऋतूंबरोबर दिशा बदलणारा हा प्रवाह समजण्यासही वर्षानुवर्षांच्या नोंदीच लागतात.

विद्यार्थिमित्रहो, विज्ञान म्हणजे एकदम सुचणारी कल्पना, असे आपल्याला पुष्कळदा वाटते. कल्पना लागतेच. पण तिच्याइतकीच गरज असते ती रोज, न कंटाळता, जसे दिसेल तसे लिहून ठेवण्याची, आणि त्या लिखाणाने आपलेच पूर्वीचे म्हणणे खोडले तर ते उघडपणे मान्य करण्याची. येत्या पावसाळ्यात अंगणात पर्जन्यमापक ठेवून चार महिने एकही दिवस न चुकविता नोंद करून पाहा. सुटीच्या दिवशी, पाहुणे आले असता, मुसळधार पाऊस कोसळत असतानाही ती करावी लागेल. चुकलेल्या दिवशी अंदाजाने आकडा भरण्याचा मोह होईल. तेथे रकाना कोरा ठेवा. असे चार महिने काढलेत, म्हणजे फेरो बेटांतील त्या माणसांचे काम किती अवघड आहे, हे तुम्हांस कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.